प्रकरण चार

महापालिकेने मला बोलावलं ते आगीसाठी नाही,
आगीच्या आराखड्यासाठी.
करारात लिहिलंय : सल्लागार, मुदत नव्वद दिवस,
अहवालाच्या सहा प्रती, रंगीत नकाशांसह.
वीस वर्षं शिडीवर काढली, मग गुडघा गेला,
खाली उतरलो
आणि सल्ला द्यायला लागलो.

एप्रिलची दुपार. पूर्व भागातली एक गल्ली.
टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं रेवणसिद्ध हत्तरकीकडे, लीडिंग फायरमन,
डोक्यावर ओला पंचा.
दोन मीटर साठ.
आपला बंब दोन चाळीस.
"बसतोय की," मी म्हणालो.
"बसतोय साहेब. बसला की दार उघडत नाही."

दोन्ही बाजूंनी माग धडधडत होते, चपलेतून वर पोटरीपर्यंत.
पिंज पंख्यावर, वायरींवर,
व्यंकटेशाच्या तसबिरीवर,
कामगारांच्या भुवयांवर.
ठिणगीला याहून मऊ अंथरूण
कोण घालणार?

हायड्रंट नकाशात नाही.
रेवणसिद्धच्या बापाला माहीत होता, तोही याच खात्यात.
जाताना पोराला सांगून गेला :
उडप्याच्या हॉटेलासमोर, लिंबापासून उत्तरेला सात पावलं.
हॉटेल गेलं. लिंब गेला.
डांबराचे तीन थर चढले.
रेवणसिद्ध सात पावलं चालला आणि थांबला,
बुटाच्या टाचेनं रस्ता वाजवला,
जसं कुणी झोपलेल्याचं दार वाजवावं.
"हितं हाय."
आणि असला तरी पाणी पाचव्या दिवशी.
आगीने वार बघून लागावं, असं मी वहीत लिहिलं.
मग खोडलं.

मेरगूंचा टॉवेल कारखाना. खाली माग, वर तीन कुटुंबं.
मागच्या दाराला आतून कुलूप.
"सूत जातं हो चोरीला."
किल्ली?
"माझ्याकडे."
आणि रात्री तुम्ही?
"जुळे सोलापुरात. घरी."
मी घड्याळ लावून बघितलं होतं :
बंब अकरा मिनिटांत येतो.
किल्ली वीस मिनिटांत,
सिग्नल हिरवे लागले तर.

जिन्यावर भूदेवी टॉवेलच्या काठा शिवत बसलेली.
माझ्या टेपकडे बघून तेलुगूत काही बोलली,
बायका हसल्या.
रेवणसिद्धने बाहेर आल्यावर सांगितलं :
"म्हणाली, मापं घेणारे लई येतात.
शिवून कोण देत नाही."

सादरीकरण झालं. बटाटेवडे आले.
पान बाराला उंच शिडीची किंमत होती, त्यावर तासभर चर्चा.
शिडीला हार घालता येतो, पुढे नारळ फोडता येतो.
प्रकरण चार, पर्यायी मार्ग व कुलपे,
त्याची नोंद घेण्यात आली.
नोंद घेणं म्हणजे काय ते
सरकारी नोकरीत मी शिकलोय :
कागद जिवंत ठेवून पुरणं.

जूनमध्ये रेवणसिद्धचा फोन.
"त्या गल्लीत एकानं पायरी बांधली.
आता दोन पंचेचाळीस. अहवालात बदलायचं का?"
म्हटलं, सहा प्रती छापून झाल्यात.
"मग पायरी बदलतो," म्हणाला,
आणि हसला की नाही, कळलं नाही.
मग जरा थांबून :
भूदेवी मेरगूंच्या मागे लागली, महिनाभर,
एका दिवसासाठी किल्ली मागून घेतली,
मधल्या मारुतीजवळ चाळीस रुपयांत दुसरी करून आणली.
खिळ्याला टांगलीय,
टॉवेलची पांढरी काठ बांधून,
धुरात हाताला लागावी म्हणून.

हे कुठल्याच प्रकरणात बसत नाही.
सातवी प्रत माझी, घरची.
तिच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवलं :
मागचं दार. डाव्या हाताला.
भूदेवीच्या खांद्याइतका उंच
एक खिळा.